ओव्हाळ बाईंनी दिलेला शब्द

ओव्हाळ बाई कोर्टात गप्प झालेल्या मी एकदाच पाहिल्या.

पंखा कटकट करत होता. आरोपीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून बिरू उभा होता. न्यायाधीश साहेब आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, नवीन तरतूद वाचलीत का तुम्ही?" आणि बाईंनी तोंडच उघडलं नाही. ज्यांच्या आवाजानं शेजारच्या कोर्टातली साक्ष थांबायची, त्या बाई. बिरूला पोलीस पुन्हा घेऊन जाणार की नाही, हे त्यांच्या उत्तरावर होतं.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. तालुक्याच्या बाररूममध्ये त्यांचा विषय निघाला की लोक त्यांनी जिंकलेल्या केसेस सांगतात. मी सांगतो ती ही.

मी दिंद्रुडचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. वडिलांनी दुसऱ्यांची जनावरं राखली, आईनं दुसऱ्यांची रानं खुरपली, मी बीए केलं, मग एलएलबी केलं. सनद मिळाल्यावर नवा कोट इस्त्री करून बाईंकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानामागं त्यांची एक खोली होती. बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळ्या पदव्या सांगितल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "हितवर कसा आलास त्ये सांग. पन शेवटून सांग."

"म्हणजे?"

"आता दारात हायस. त्याच्या आदी कुठं व्हतास? मागं मागं जा."

मी मागं मागं गेलो. दार, झेरॉक्सचं दुकान, चहाची टपरी, बस स्टँड. "आन् बशीत?" त्यांनी विचारलं. तिथं मी अडखळलो. सुट्ट्या पैशावरून कंडक्टरशी माझं वाजलं होतं आणि भर गाडीत मी त्याला "वकील आहे मी, बघून घेईन" असं सुनावलं होतं. ते सांगावं लागलं. बाई इतक्या हसल्या की मांडीवरची टरफलं खाली पडली.

"सरळ सांगितलं असतंस तर ह्ये गाळलं असतंस. उद्यापासून ये. कोट पिशवीत घालून आन."

ही त्यांची रीतच होती. पक्षकार कुणी असो, हकीकत शेवटून. माणूस खोटं सरळ पाठ करतो, उलटं कुणी पाठ करत नाही, असं त्यांचं म्हणणं. उलट सांगता सांगता कुणी रडायचं, कुणी चिडून उठून जायचं. उठून गेलेल्याचं वकीलपत्र बाई घ्यायच्या नाहीत. स्वतःचा काळा कोट त्या कापडी पिशवीत ठेवत आणि कोर्टाच्या फाटकात आल्यावर अंगात घालत. रस्त्यानं कोट घालून चाललं की बायाबापड्या घाबरून बाजूला होतात, ते त्यांना सोसायचं नाही.

पक्षकाराच्या गाडीत त्या कधी बसल्या नाहीत. परळीकडचा, वीजकेंद्राच्या राखेचा एक व्यापारी मोठी पांढरी गाडी घेऊन दारात उभा राहिला होता. "बाई, उन्हाचं एसटीनं कशाला? बसा की."

"तुमच्या गाडीत बसले की मला तुमचंच पटायला लागंल," बाई म्हणाल्या. "कोर्टात मला समोरच्याचंबी थोडं पटावं लागतं. त्याशिवाय त्याला पाडता येत न्हाई."

व्यापारी हसला. त्याला वाटलं बाई गंमत करतायत. त्या पिशवी काखेत मारून स्टँडकडं निघाल्याही होत्या.

लहानपणापासून डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून बोलणाऱ्याकडं उजवा कान करायच्या आणि स्वतः मोठ्यानं बोलायच्या. नव्यानं बदलून आलेल्या न्यायाधीशाला पहिला महिनाभर वाटायचं, ही बाई आपल्यावर खेकसते. मग सवय व्हायची. हात जोडून बोलणं त्यांच्यात नव्हतंच. "आमच्या आजानं छप्पन साली घरातले देव टोपल्यात भरले आन् नदीत नेऊन सोडले," त्या सांगायच्या. "तवापासून आमच्या घरात कुनापुढं वाकायची सवय मोडली. कंबर दुखली तर गोष्ट येगळी."

पण गावोगाव बाईंचं नाव होतं ते त्यांनी दिलेल्या शब्दासाठी. कुणाच्या घरचा माणूस अटक झाला, की घरचे डबा घेऊन, डोळे सुजवून बाईंच्या खोलीत यायचे. त्यांना कलमं नको असायची. त्यांचा प्रश्न एकच असायचा: आत त्याला काय होईल? आणि बाईंचं उत्तर ठरलेलं होतं.

"पंधरा दिवस. पयले पंधरा दिवस दात खाऊन काढा. पोलिसांना कोठडी मागायची ती त्यातच मागावी लागती. त्ये दिवस सरले की पोलिसांचा हात संपला. मंग जेल. जेलात भाकर मिळती, झोप मिळती. तवा तुमीबी झोपा."

आणि लोक खरंच झोपायचे. तीस वर्षं हा शब्द कधी खोटा ठरला नव्हता, कारण कायदाच तसा होता.

मग नवे कायदे आले. इंग्रजांच्या वेळचे तीन जुने गेले, तीन नवे लागू झाले. बाररूममध्ये सगळ्यांच्या हातात जुन्या-नव्या कलमांचे तक्ते. आमच्यातले एक जुने वकील कपाळाला हात लावून बसले होते. "चारशेवीस गेलं बे! आता माझ्या साडूला काय म्हनू? तीनशे अठरा म्हनलं तर त्याला शिवी लागत न्हाई, त्यो इचारतो कोन्त्या बशीचा नंबर हाय." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्ता घरी नेला आणि पंधरवड्यात नवे आकडे तोंडपाठ करून आल्या. त्यांच्या वयाच्या कुणालाच ते जमलं नव्हतं. आम्ही चकित झालो तर म्हणाल्या, "त्यात काय लई? घरं तीच हायत, दारावरचे नंबर बदललेत."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

त्याच सुमाराची बिरूची केस. बिरू मेंढपाळाच्या घरातला. बाप आणि बायको मेंढरामागं, पण बिरूचं मन यंत्रात. पोराला करमेना म्हणून तो शहरात जाऊन मोटार रिवायंडिंग शिकून आला आणि आमच्या फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. शेतकऱ्याची जळालेली मोटार घ्यायची, आतली जळकी तार उपसून काढायची, नवी भरायची. जळकी तार साठली की भंगारात द्यायची. धंदा नीट चालला होता. त्या साली आमच्या भागात विहिरींवरच्या पंपांच्या केबली चोरीला जायला लागल्या. एका रात्रीत आख्ख्या शिवारातल्या. लोक चवताळले होते. पोलिसांनी बिरूच्या दुकानात तांब्याच्या तारेचा ढीग पाहिला आणि चोरीचा माल घेतो, टोळीत सामील आहे, म्हणून त्याला अटक केली. दुकानाला सील लागलं.

बाईंनी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्याकडून हकीकत शेवटून ऐकली. कुठंही गाठ अडकली नाही. मग एसटीनं फाट्यावर जाऊन त्याच्याकडं मोटारी भरून घेतलेल्या शेतकऱ्यांना भेटून आल्या. पोलिसांना थोड्या दिवसांची कोठडी मिळाली, ती संपली आणि बिरू बीडच्या जेलात गेला.

त्यानंतर एक दिवस त्याची बायको सोजर खोलीत आली. उंच, उन्हानं रापलेली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

"बाई, आमच्या समद्यांची मेंढरं गंगथडीला गेलीत. आमचीच मागं हायत. हितं चारा न्हाई, कोकरं मराया लागलीत. म्हाताऱ्या आबाच्यानं एकट्यानं वाट निघत न्हाई. पन मी गेले आन् मागं ह्यांना परत पोलिसांनी नेलं तर? तुमी सांगा. जाऊ का ऱ्हाऊ?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "पंधरा दिवस सरलेत. आता पोलीस नेत न्हाईत. जा बिनघोर."

"नक्की?"

"माझा शब्द हाय."

सोजर गेली. आठवडाही झाला नसेल, आणि पोलिसांनी बिरूची पुन्हा कोठडी मागणारा अर्ज दिला.

त्या सकाळी पुकारा झाला तेव्हा बाई निवांत उठल्या. "मुदत संपली, साहेब. अर्ज चालतच नाही." तरुण सरकारी वकील उभा राहिला. नव्या कायद्यात, तो म्हणाला, पंधरा दिवसांची पोलीस कोठडी एकदम घ्यायचं बंधन नाही. तुकड्या-तुकड्यांनी घेता येते, पहिल्या चाळीस दिवसांत केव्हाही. काही गुन्ह्यांत साठ. आमचे बरेच दिवस शिल्लक आहेत.

तेव्हा साहेबांनी तो प्रश्न विचारला, आणि बाई गप्प झाल्या.

कठड्यातून बिरूचा आवाज आला. "बाई... तुमी म्हनला व्हताव ना?"

साहेबांनी त्याला थांबवलं. बाईंनी दुपारपर्यंत वेळ मागितला. आवाज नेहमीसारखा नव्हता, दुसऱ्यांदा सांगावं लागलं. साहेबांनी वेळ दिला.

व्हरांड्यात दोन शिपायांच्या मधे बिरू भिंतीला टेकून बसला. "बाई, मला परत तितं नगं. मी कबूल करून टाकतो. ज्याचं नाव घ्या म्हनत्याल त्याचं घेतो."

"कुनाचं?"

"कुनाचं बी. आबाचं म्हनले तर आबाचं."

त्याचा बाप आबा आणि बायको त्या वेळी कुठल्याशा रानात कोकरं सांभाळत होते आणि इथं त्यांच्याच घरातलं नाव पणाला लागलं होतं. बाई खाली वाकल्या, उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला आणि मग हळू बोलल्या. हळू बोललेल्या बाई मी त्या दिवशीच पाहिल्या. "मला जे सांगितलंस त्ये खरं हाय का?"

"आईची आन."

"मंग त्येच धरून ऱ्हा. बाकीचं माझ्याकडं."

बाईंनी नव्या कायद्याचं पुस्तक उघडलं. तक्ता नाही, पुस्तक. बाकड्यावर बसून मला म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं. कोठडीपासून जामिनापर्यंत एक शब्द गाळू नको." मी वाचत होतो, त्या बोट ठेवत होत्या. येणारे-जाणारे वकील बघत होते. एकजण सहज म्हणाला, "काय बाई, ह्या वयात परीक्षा का?" बाईंनी मान वर केली नाही. जामिनाच्या कलमात एका परंतुकावर त्यांचं बोट थांबलं. तीनदा वाचायला लावलं.

दुपारी त्या उभ्या राहिल्या आणि भर कोर्टात म्हणाल्या, "साहेब, ही तरतूद मी वाचली नव्हती. सकाळी चुकीचं बोलले. आता वाचून आले आहे." बाररूमचे चार लोक मागं उभे होते, ते एकमेकांकडं बघायला लागले. बाईंनी पुढं विचारलं: ढीग पहिल्याच दिवशी जप्त झाला. पंचनाम्यात 'जळालेली बारीक तार' लिहिलंय. केबलीची तार जाड असते. मग कोठडीत घेऊन आता शोधायचं काय? सरकारी वकील म्हणाला, साथीदार. "म्हणजे माल नाही, नावं पाहिजेत," बाई म्हणाल्या आणि तिथंच जामिनाचा अर्ज दिला.

साहेबांनी पोलिसांना मागितलेल्या सगळ्या दिवसांऐवजी दोन दिवस दिले. चौकशीत वकिलाला भेटायची मुभा दिली. जामीन त्यानंतर ऐकू म्हणाले.

मला वाटलं, बरंच वाचलं. बाई म्हणाल्या, "सोजर कुठं हाय त्याचा पत्ता काढ."

उन्हं कलताना आम्ही गोदावरीकाठच्या एका उसाच्या फडात पोचलो. ऊस तुटून गेलेला, पाचटात मेंढरं पसरलेली. सोजर बाईंना लांबूनच बघून जागच्या जागी उभी राहिली.

"न्हेलं का?"

"न्हेलं. दोन दिवस. माझं चुकलं, सोजर. कायदा बदललाय, मी तुला जुना सांगितला. त्ये सांगाया आले."

मागं आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. सोजर एकदम उसळली. "मला सांगून काय व्हनार? मी पोलीस हाय का? त्यो तितं एकला, आन् तुमी हितं मेंढरात उभ्या! हितं कावून आलाव? तितं बसा की जाऊन!"

मला राग आला. एवढ्या मोठ्या बाईशी असं बोलणं. मी काही बोलणार तोच बाईंनी माझा हात दाबला. "बराबर हाय तिचं," त्या म्हणाल्या आणि पाचटातून भराभर वाट काढत रस्त्याकडं निघाल्या. तिला हाक मारून काही समजावलंही नाही.

पुढचे दोन दिवस बाई पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर होत्या. कोट अंगात. मी मधूनमधून भाकरी, पाणी घेऊन जायचो. थोड्या थोड्या वेळानं बाई आपल्या त्या आवाजात आत हाक मारायच्या, "बिरू, मी भायेर हाय रे. जेवलास का?" आतून बारीक "जी" यायचं.

हवालदार वैतागला. "बाई, ह्ये ठाणं हाय. जत्रा न्हाई."

"मला एका कानानं कमी येतं, दादा. म्हनून वरडते."

"मंग त्यो आतून बोललेलं कसं येतं तुमाला?"

"त्यो कान चांगला हाय."

आजूबाजूचे शिपाई हसले. ठाण्याचा साहेबही चांगला माणूस होता, त्यानं बाईंना आत बसायला सांगितलं. बाई बाहेरच बसल्या. बाहेरून आवाज दिला तर बिरूला कळतं की दार उघडं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी हाक दिली आणि उत्तर आलं नाही. परत दिली. नाही. बाई उठल्या, कोर्टाचा हुकूम हातात घेतला आणि ठाण्याच्या साहेबाच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मला भेटायचंय. आत्ता." त्यानं पाच मिनिटं थांबायला सांगितलं. ती पाच मिनिटं बाई बसल्या नाहीत. मी दाराकडं बघत होतो आणि माझ्या मनात सारखं आबाचं नाव येत होतं.

बिरू बाहेर आला. डोळे चोळत होता. झोप लागली होती, म्हणाला. अटक झाल्यापासून पहिल्यांदा.

बाई बाकावर जाऊन बसल्या. बराच वेळ कोटाची बटणं लावत-काढत होत्या.

तिसऱ्या दिवशी कोर्टात न्यायाधीश साहेबांनी बिरूला विचारलं, पोलिसांबद्दल काही तक्रार? "न्हाई." त्यानं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. सरकारी वकील म्हणाला, तपासाला पुढंही कोठडी लागू शकते, जामीन देऊ नये. बाईंनी पुस्तक उघडून ते परंतुक वाचलं: पहिल्या पंधरा दिवसांपुढं पोलीस कोठडीची गरज पडेल, एवढ्याच कारणावरून, एरवी मिळण्याजोगा जामीन नाकारता येत नाही. वाचून खाली बसल्या. एक शब्द जास्तीचा नाही. जामीन झाला. केस उभीच होती, सीलही तसंच होतं, पण माणूस सुटला.

दुसऱ्या दिवशी जेलच्या फाटकाबाहेर आम्ही थांबलो होतो. सोजर आदल्या रात्रीच येऊन स्टँडवर झोपली होती. बिरू बाहेर आला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं, हात उलटे-सुलटे करून पाहिले. मग बाईंकडं वळली.

"आता परत न्हेत्याल का?"

मी बाईंकडं पाहिलं. तीस वर्षं त्या अशा प्रश्नाला पापणी न लवता उत्तर देत आल्या होत्या. समोर बिरूही वाट बघत होता. त्याला "न्हाई" एवढं ऐकायचं होतं, आणि ते म्हणायला काही लागत नव्हतं.

"सांगता येत न्हाई," बाई म्हणाल्या. "हजेरी चुकवली तर नेतील. नवीन काई निघालं तरी बोलावतील. बोलावलं की आदी मला कळवा. मी बाकावर असंन."

"मंग ठीक," सोजर म्हणाली. "आता खरं बोललाव." आणि नवऱ्याला पुढं घालून निघाली. थांबली, माघारी आली आणि बाईंच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेऊन दोन घोट प्याली. बाटली परत देऊन गेली.

बाई तिथूनच लातूरला लेकीकडं जायच्या होत्या, डोळ्याच्या ऑपरेशनला. आठवड्यात येते म्हणाल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं, पण तिकडंच एका पहाटे छातीत कळ आली आणि बाई परत आल्याच नाहीत. आम्ही गेलो तेव्हा चेहरा झाकलेला होता. मी तो उघडून पाहिला नाही.

त्यामुळं माझ्यापुरत्या बाई बीडच्या स्टँडवरच राहिल्यात. लातूरची गाडी लागली, मी पिशवी वर दिली. खिडकीशी बसल्या बसल्या त्यांनी नव्या कायद्याचं पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं. मी म्हणालो, "बाई, डोळ्यांना ताण नको." त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. गाडी हलली, खड्ड्यात आदळली. बाईंनी ओळीवरचं बोट उचललं नाही.